सासूबाईंना कुणी विचारलं का?

*ताई, सासूबाई ८१ वर्षांच्या. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण उठवायला, संडासला न्यायला माणूस लागतं. मी शाळेत शिक्षिका, निवृत्तीला चार वर्षं आहेत. नणंद म्हणते, "बाई ठेव." अमेरिकेतले दीर म्हणतात, "चांगल्या केअर सेंटरमध्ये ठेवा, पैसे मी पाठवतो." मिस्टर गप्प. शेजारी "सुनेने वृद्धाश्रमात टाकलं" म्हणायला टपलेलेच. आया, नर्स, ब्युरो, सेंटर, काहीच कळेनासं झालंय. त्यात गेला आठवडाभर संध्याकाळ झाली की त्या "मला घरी सोडा" म्हणतात. नोकरी सोडू का? – थकलेली सून, डोंबिवली*

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेलं "मला घरी सोडा" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आठवडाभरात सुरू झालेला गोंधळ वयाच्या खात्यावर टाकू नका. स्मृतिभ्रंश सहसा असा अचानक येत नाही, महिनोन् महिने चोरपावलांनी येतो. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला एकाएकी भ्रम होऊ लागला, तर मागे लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, एखादी नवी गोळीही असू शकते. सगळ्या औषधांची पिशवी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. बाकीचं त्यानंतर.

आता माणसं. तुमच्या सासूबाईंना सध्या लागतं ते उठवणं, अंघोळ, संडास, भरवणं आणि सोबत. हे आयाचं काम आहे, हल्ली तिला अटेंडंट म्हणतात. इंजेक्शन, सलाइन, जखमेचं ड्रेसिंग हे प्रशिक्षित नर्सचं. ब्युरोवाले "नर्स देतो" म्हणून आया पाठवतात आणि पैसे नर्सचे सांगतात, तेव्हा शिक्षण काय झालंय ते विचारा. तुम्ही दिवसा शाळेत, म्हणजे तुम्हाला बारा तासांची दिवसपाळी पुरावी. चोवीस तासांची बाई घरात राहते, तिलाही जेवण, झोप आणि आडोसा लागतो. वन-बीएचकेत त्याची फार ओढाताण होते. ती रजेवर गेली तर बदली कोण देणार आणि पोलीस पडताळणी झाली आहे का, हे ठरवतानाच लिहून घ्या.

फिजिओथेरपिस्ट मात्र चुकवू नका. तो घरी येतो, आणि या चार पावलांची चाळीस होणं बरंचसं त्याच्या व्यायामावर आहे. कमोड-खुर्ची विकत घेण्याआधी जवळपास रुग्णसाहित्य केंद्र आहे का बघा. अनामत ठेवून नाममात्र भाड्यात या वस्तू मिळतात.

दिरांच्या सेंटरबद्दल. वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र एकच नव्हे. बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. उठवून बसवावं लागणाऱ्यांसाठी शुश्रूषा केंद्रं असतात. काही केंद्रं पंधरा दिवस, महिनाभरही ठेवून घेतात. तुमची दहावीची पेपर तपासणी असेल किंवा तुम्हालाच ताप आला असेल, तेव्हा ही सोय वापरली तर त्यात लाज कसली? बघायला जाल तेव्हा न सांगता, जेवणाच्या वेळी जा. रात्री किती माणसांमागे किती मदतनीस असतात ते विचारा आणि नाकाने वास घ्या. माहितीपत्रकात वास छापत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. ७० आणि त्याहून जास्त वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी ते आहे. आयाचा पगार त्यातून निघत नाही. तो दिरांकडून घ्या, त्यांनी स्वतःहून म्हटलंय. कुठे अडलंच तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नणंद बोलते, दीर बोलतात, शेजारी बोलायच्या बेतात आहेत. सासूबाईंचं एकच वाक्य आहे, तेही भ्रमातलं. त्यांना परक्या बाईच्या हातून अंघोळ चालेल का? की तुमच्याकडूनच जास्त संकोच वाटतो? अनेकींना सुनेपेक्षा पगारी बाई बरी वाटते, फक्त त्या तोंडाने म्हणत नाहीत.

डॉक्टर झाले, डोकं ताळ्यावर आलं, की एखाद्या रविवारी सकाळच्या चहाला विचारायचं. आणि विचारायचं मिस्टरांनी. आई त्यांची आहे. तुम्ही तेवढा वेळ भाजी आणायला बाहेर पडा.