दोर तुटला तर लिफ्ट खाली कोसळते का?

सहसा नाही. एकतर दोर एकच नसतो, तीन-चार किंवा जास्तही असतात. आणि सगळे तुटले तरी खरं काम गव्हर्नर, म्हणजे लिफ्टच्या वेगावर नजर ठेवणारं साधन, करतो. वरच्या मशीन रूममध्ये एक छोटी चाकी असते, तिच्यावरून वेगळा बारीक दोर लिफ्टला जोडलेला असतो. लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात, साधारण ११५ टक्क्यांच्या पुढे, धावू लागली की चाकीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि चाकी अडकते. हा बारीक दोर थांबतो, लिफ्ट मात्र खाली जातच असते. त्या ओढीने लिफ्टखालच्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट चावतात. यात वीज लागत नाही, म्हणून मला हीच सोय सगळ्यात भरवशाची वाटते.

१९४५ साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर विमान आदळलं, तेव्हा गव्हर्नरचाही दोर तुटला आणि लिफ्ट तळाशी आली. आतली चालक जबर जखमी झाली, पण वाचली.

गंमत म्हणजे मोटरवरचा ब्रेक निकामी झाला तर जवळपास रिकामी लिफ्ट वर जाते, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, तिच्यापेक्षा जड असतं. जुन्या लिफ्टमधल्या पाचरी फक्त खाली जातानाच पकडतात. म्हणून सोसायटीतल्या मेंटेनन्सवाल्याला ब्रेकचं आधी विचारा.