वाचकांची पत्रं : शेवटच्या नळावरचं पाणी

मागच्या अंकात मी बेंतियूच्या छावणीवर लिहिलं होतं. दक्षिण सुदानच्या युनिटी राज्यातली ही छावणी. डिसेंबर २०१३ मध्ये त्या देशात यादवी पेटली, तेव्हा लोक जीव वाचवायला संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या कुंपणाआड आले आणि तिथंच राहिले. २०१५ ते २०१७ या काळात तिथल्या पाणी आणि संडासांच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे होती. लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच जणांना इथं उत्तर देते.

ताई, मी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्यात. तिथं तर माणसांच्या हातात बंदुका. एवढ्या लोकांना पाणी वाटलंत कसं?
— निवृत्त पाटकरी, पैठण डावा कालवा

काका, तुमच्यासारखा माणूस मला पहिल्या महिन्यातच भेटायला हवा होता. जे तुम्हाला पहिल्या पाळीत कळलं असेल, ते कळायला मला चार महिने लागले.

२०१५ मध्ये दक्षिणेकडच्या लेर, कोच, मायेंदित या भागांत पुन्हा लढाई झाली आणि माणसं लोंढ्यानं येऊ लागली. वर्षाअखेरीस छावणीत लाखावर लोक होते. आणीबाणीतल्या कामासाठी जगभर मानली जाणारी मापं आहेत : माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणं नाही. हिशोब सोपा दिसतो. लाख माणसांना रोज पंधरा लाख लिटर. बोअरला पाणी होतं, जनरेटर होते, टाक्या होत्या. दर आठवड्याला मी एकूण उपसा भागिले माणसं असा आकडा काढायची, तो १५ च्या वर यायचा आणि अहवाल वर जायचा.

एक दिवस टोकाच्या ब्लॉकमधल्या एका बाईनं माझ्या हाताला धरून मला तिच्या झोपडीत नेलं. न्युएर भाषेत ती काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, दुभाषा मागेच राहिला होता. तिनं ताडपत्री वर केली. आत दोन पिवळे कॅन, वीस-वीस लिटरचे. मग तिनं बोटांवर घरातली माणसं मोजून दाखवली. सात. पिणं, रांधणं, लेकरांना धुणं, सगळं त्या चाळीस लिटरमध्ये. माणशी सहा लिटरसुद्धा नाही.

मी तिच्याबरोबर नळावर गेले आणि घड्याळ लावलं. नळ नीट चालत असेल तर मिनिटाला साडेसात लिटर पाणी यायला हवं, म्हणजे वीस लिटरचा कॅन पावणेतीन मिनिटांच्या आत भरतो. तिचा कॅन भरायला अकरा मिनिटं लागली. मागे साठेक कॅनची रांग होती. बायका उन्हात उभ्या नव्हत्या, त्यांच्या जागी कॅन उभे होते. आपल्याकडे टँकरच्या वाटेवर घागरी लावून ठेवतात, तसेच.

काका, तुमच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, परभणीकडचा शेतकरी जसा कोरडा राहतो, तशी ही बाई कोरडी राहिली होती. टाकीजवळच्या ब्लॉकात नळाचे वॉशर गेलेले, पाणी रात्रंदिवस वाहतंय, त्याच पाण्यात चिखल होऊन डुकरं लोळल्यासारखी जागा झालेली. आणि टोकाला धार करंगळीएवढी. माझी सरासरी दोन्हींना मिळून बरोबर होती.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. टोकाला राहणारी माणसं शेवटी आलेली होती, कारण जागा तिथंच उरली होती. आणि व्हॉल्व्ह फिरवणारा पोरगा आधी आलेल्यांपैकी, वेगळ्या भागातला. कुंपणाबाहेर लढाई चालू असताना पाणी कमी आलं की कुणी पाइपात दाब किती आहे हे विचारत नाही, व्हॉल्व्हवाला कुठला आहे ते विचारतं. दोनदा त्या पोराला मारहाण झाली. त्याचा काही दोष नव्हता, दोष माझ्या आखणीत होता.

मग आम्ही उलटं धरलं. टोकाला एक वेगळी टाकी बसवली आणि रात्री सगळ्यात आधी तीच भरायची असं ठरवलं. शेपटाकडून सुरुवात करून पाणी वर आणायचं. व्हॉल्व्हवर एकाऐवजी दोघं, दोन वेगवेगळ्या भागांतले, आणि पाळीचं वेळापत्रक नळापाशी फळ्यावर चित्रांत काढलेलं. प्रत्येक नळाला एक राखणदार बाई, ती कोण हे त्या नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी ठरवायचं. अहवालात सरासरी राहिली, ती मागणाऱ्यांना हवीच होती. पण तिच्यावर मी एक ओळ वाढवली : सगळ्यात वाईट नळावर कॅन भरायला किती मिनिटं. ती ओळ कुणी मागितली नव्हती. सोमवारच्या बैठकीत मात्र सगळ्यात आधी तिच्यावरच बोलणं व्हायचं.

आमच्या गावात जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ओटी टेस्ट घेतो, रजिस्टर भरतो. तरी पावसाळ्यात जुलाब, कावीळ येतेच. तुमच्याकडे पाण्यात क्लोरीन असूनही कावीळ आली असं तुम्ही लिहिलंत. असं का?
— ग्रामपंचायत सदस्या, जि. बीड

तुमचा जलसुरक्षक क्लोरीनची ही ओटी टेस्ट कुठं घेतो ते एकदा बघा. टाकीखालच्या पहिल्या नळावर घेत असेल तर पिवळा रंग येणारच. आम्हीही बराच काळ नळावरच मोजत होतो. आमच्याकडे ओटीऐवजी डीपीडीची गोळी, रंग गुलाबी येतो, एवढाच फरक.

पण पाणी नळावर पीत नाहीत. ते कॅनमध्ये भरून घरी जातं, दहा-बारा तास राहतं, त्यात पेला बुडतो, लहान मुलाचा हात बुडतो. उन्हात क्लोरीन उडून जातो. कॅनच्या आतल्या हिरव्या बुळबुळीत थरावर तो खर्ची पडतो. दक्षिण सुदानच्याच माबान भागातल्या निर्वासित छावण्यांत २०१३ मध्ये नळापासून घरापर्यंत पाण्याचा पाठलाग करून मोजमापं घेतली गेली, तेव्हा दिसलं की नळावर नियमाप्रमाणे असलेला क्लोरीन घरात पोचेपर्यंत पुष्कळदा संपलेला असतो. माबानमध्ये २०१२ पासून हेपटायटिस ई ची मोठी साथ होती. ही कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची. पोटातलं बाळ आणि आई दोघंही जाऊ शकतात. बेंतियूलाही ती वर्षानुवर्षं राहिली. शेवटी २०२२ मध्ये तिथं या आजाराची लस साथ रोखण्यासाठी जगात पहिल्यांदा वापरली गेली.

म्हणून दोन कामं करा. टेस्ट टोकाच्या घरातल्या माठातल्या पाण्याची घ्या, सकाळी भरलेल्या पाण्याची संध्याकाळी. आणि भांडी धुण्याचा दिवस ठरवा. आम्ही दर पंधरा दिवसांनी नळापाशी बारीक खडे आणि क्लोरीनचं पाणी ठेवायचो. कॅनमध्ये मूठभर खडे घालून पोरं तो जोरात खुळखुळवायची, की आतला थर सुटून काळंहिरवं पाणी बाहेर यायचं. ते पाणी एकदा डोळ्यांनी पाहिलं की आयांना दुसरं काही सांगावं लागत नाही.

२०१९ च्या महापुरात आम्ही आठ दिवस शाळेत काढले. चारशे माणसांत दोन संडास. आम्ही बायका दिवसभर पाणी पीत नव्हतो. तिथं बायकांचं काय होत होतं?
— एक भगिनी, सांगली

तुम्ही पाणी पीत नव्हता, हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिथंही बायका हेच करायच्या.

बेंतियूत आधी जमिनीनं आम्हाला छळलं. आपल्याकडची काळी कापसाची माती तिथंही आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात चिकट लगदा. २०१४ च्या पावसाळ्यात तर सारी छावणीच पाण्यात होती. गुडघाभर पाणी, त्यात मैला मिसळलेला, आणि त्यात उभं राहून आया तान्ह्यांना रात्रभर हातात धरून असत. मी गेले त्या वर्षी चर खणून, भराव घालून छावणी नव्यानं बांधणं चाललं होतं. तरी काळ्या मातीत खड्डा खणला की पहिल्या पावसात कडा ढासळायच्या. म्हणून संडास चौथऱ्यावर उचलून घेतले आणि मैला उपसून न्यायची सोय केली.

पण बायका रात्री त्यांत जात नव्हत्या. वीस माणसांमागे एक हे माप आम्ही जवळजवळ गाठलं होतं, अंतरही पन्नास मीटरच्या आत. मी कारण विचारलं की सगळ्या गप्प. शेवटी एका सुईणीनं मला दार दाखवलं. कंत्राटदारानं कडी फक्त बाहेरून बसवली होती. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. आतून लावायला काहीच नाही. सरपणासाठी कुंपणाबाहेर गेलेल्या बायकांवर अत्याचार होत होते, हे छावणीत प्रत्येकीला माहीत होतं. अशा ठिकाणी आतून बंद न होणाऱ्या दाराआड अंधारात कोण बसेल?

ते काम तपासून घेताना मी सही केली होती. खड्ड्याची खोली मोजली, दारं मोजली, एकदाही आत जाऊन दार लावून पाहिलं नाही. शेकडो कड्या बसवायला तीन आठवडे लागले. त्यानंतर मी कुठलाही संडास आत जाऊन, दार लावून, दोन मिनिटं बसल्याशिवाय ताब्यात घेतलेला नाही.

पाळीच्या कपड्यांसाठी आडोशाची मोरी आणि आडोशातच दोरी, हे बायकांनी स्वतः सुचवलं. तुमच्या तालुक्यात निवारा शाळा ठरलेल्या असतील. पाऊस लागायच्या आधी तुम्ही चौघीजणी तिथं जा आणि कड्या, दिवा, मोरी तपासा. बायकांना पुरुषांच्या तिप्पट संडास लागतात हे मुख्याध्यापकांना सांगा, ते माप आमचं एकट्याचं नाही.

आपल्याच मराठवाड्यात हंडे घेऊन बाया फिरतात. मग तुम्ही परदेशात का गेलात?
— एक वाचक, लातूर

राग समजू शकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तुमच्या गावाला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा मी बेंतियूत होते आणि ती बातमी वाचून मला जेवण गेलं नाही. मी जालन्याची आहे.

पण एक गोष्ट सांगते. बेंतियूच्या बाहेरच्या गावात पहिल्यांदा गेले तेव्हा समोर आपला हापसा उभा होता. तोच दांडा, तीच साखळी, तोच खडखडाट. १९७० च्या आसपास जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी मजबूत लोखंडी हातपंप बनवला, सोलापुरात तो सुधारला गेला आणि त्यातून पुढे युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ उभा राहिला. दक्षिण सुदानात खेडोपाडी तोच आहे. आपल्या दुष्काळातून निघालेलं अवजार तिथल्या बाईच्या हातात होतं. साखळी निसटलेली होती, मी पान्हा घेतला आणि बसवली. लहानपणी आमच्या वस्तीवरच्या मिस्त्रीकाकांना मी हे शंभर वेळा करताना पाहिलं होतं. का गेलात याचं माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही. आता मी इथंच आहे, मराठवाड्यातच काम करते.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला या कामात जायचंय. आणि मॅडम, भीती वाटत नव्हती का?
— विद्यार्थी, नांदेड

आधी दोन वर्षं आपल्या पाणीपुरवठा योजनांवर काढ. हापसा स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा बसव. गोदामाची नोंदवही लिहायला शीक, कारण तिथं पाऊस सुरू झाला की रस्ते महिनोन्महिने बंद असतात आणि उन्हाळ्यात जे डिझेल, जे पाइप, जो क्लोरीन आणून ठेवला त्यावरच दिवस काढायचे असतात. पेरणीआधी घरात बी-बियाणं हवं, तसंच. दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांशी बोलावं लागतं. तिथं ‘हे पाणी सगळ्यांचं’ एवढंच बोलायचं आणि नेहमी तेच बोलायचं. पिण्याच्या पाण्याची ठिकाणं उद्ध्वस्त करू नयेत हे १९७७ पासून आंतरराष्ट्रीय कायद्यात लिहिलेलं आहे, पण नाक्यावरच्या पोराला तो कायदा माहीत नसतो. ‘मोया’, म्हणजे पाणी, हा शब्द माहीत असतो.

भीती वाटायची. जुलै २०१६ मध्ये मी डिझेलच्या व्यवहारासाठी राजधानी जुबात होते आणि तिथंच लढाई सुरू झाली. चार दिवस आम्ही भिंतीलगत जमिनीवर झोपलो. मग भारत सरकारनं आपल्या लोकांना विमानानं परत आणलं, त्यात मीही आले. पण मला जास्त भीती बेंतियूची होती. आम्ही बाहेरचे निघून गेलो, आता पंप कोण चालवणार?

सहा आठवड्यांनी परतले. पंपचालक, साधारण पंचविशीतला, जनरेटरच्या शेडमध्येच झोपायला लागला होता. त्यानं मला शाळेची एक वही दाखवली. रोजची एक ओळ : जनरेटर किती तास, टाकीत काठी बुडवून मोजलेलं डिझेल, क्लोरीनचे चमचे, आणि शेवटच्या नळावर कॅन भरायला लागलेली मिनिटं. दोन दिवसांसमोर ‘डिझेल नाही’ एवढंच लिहिलं होतं. बाकी एकही दिवस रिकामा नव्हता. मी पानं उलटत होते तोवर तो शांत उभा होता. मग म्हणाला, वही संपत आलीय, नवी आणलीत का?