‘माझं राहू द्या’ म्हणणाऱ्या ताईंना

पत्र, थोडक्यात: ‘आम्ही सतरा वर्षं कॅलिफोर्नियात आहोत, सध्या सनीव्हेलला. मुलाचं यंदा हायस्कूल संपलं. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर. तो म्हणतो, इंजिनिअरिंग करायचं की इकॉनॉमिक्स हेच मला अजून कळत नाही, दोन वर्षं डी अँझा कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जातो आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घेतो. यांना ते मुळीच पटलेलं नाही. तीन आठवडे बापलेकांचं बोलणं बंद आहे. साताऱ्याला आम्ही सांगितलंय की तो एक वर्ष गॅप घेतोय. त्याला कसं समजवावं? मी स्वतः शिवाजी विद्यापीठाची २००१ची बी.एस्सी., मायक्रोबायोलॉजी. लग्नाआधी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षं काम केलं. इथे व्हिसामुळे नोकरी करता आली नाही. आता ग्रीन कार्ड आहे, पण वय ४६, आणि त्या डिग्रीला इथे काही किंमत नाही. मैत्रिणी प्रीस्कूलचा कोर्स कर म्हणतात, यांचंही तेच मत आहे. असो, माझं राहू द्या, मुलाचं सांगा.’

ताई,

तुमच्या पत्रातला प्रवेशाचा प्रश्न मला अवघड वाटला नाही. मला टोचलं ते साताऱ्याला सांगितलेलं खोटं.

अठरा वर्षांच्या मुलाने घरात उभं राहून ‘मला अजून कळत नाही’ असं सांगितलं. या वयात बहुतेकांना कळत नसतंच, पण ते आईवडिलांसमोर कबूल करणारी मुलं थोडी. शिवाय तो नुसता हात वर करून बसला नाही, पर्याय घेऊन आला. त्यावर वडिलांनी बोलणं टाकलं आणि आजी-आजोबांना भलतंच सांगितलं गेलं. आता तो रोज जेवायला बसतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? आपण घेतलेला निर्णय घरच्यांना लपवावासा वाटतो, म्हणजे आपणच लपवण्यासारखे. नापास झालेल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये अशी ही भावना, आणि ती तुम्ही चांगल्या, समंजस मुलाच्या वाट्याला आणली आहे. येत्या रविवारी साताऱ्याला फोन लावा आणि मुलगा शेजारी बसलेला असताना सांगा की तो डी अँझाला जाणार आहे. सासूबाई दोन प्रश्न विचारतील, तेवढंच.

तुमच्या यजमानांबद्दल मला राग नाही. इतकी वर्षं व्हिसाच्या तारखा सांभाळत, नोकरी गेली तर देश सोडावा लागेल या धास्तीत माणसाने संसार केला की त्याला मुलाच्या नावापुढे एखादं मोठं नाव हवंसं वाटतं. मंडळाच्या गणपतीत ‘मुलगा कुठे?’ या प्रश्नाला एका शब्दात देता येईल असं उत्तर हवं असतं. पण त्या एका शब्दासाठी चार वर्षांत सव्वातीन लाख डॉलर, आणि तेही ज्याला विषय ठरवता आलेला नाही अशा मुलावर, हा खर्च मी कोणत्याही घराला करू देणार नाही. आणखी एक, त्यांना हे माहीत नसेल तर सांगा. इथे मूल कॉलेजात गेलं की त्याचे मार्क, हजेरी, फायली पाहण्याचा हक्क कायद्याने त्याच्याकडे जातो, फी कोणीही भरो. बहुधा त्याने सांगितलं तरच तुम्हाला कळणार. अशा वेळी त्याच्याशी बोलणं बंद करून वडिलांनी स्वतःचाच रस्ता बंद करून घेतलाय.

आता तुमच्या दोघांच्या मनातली जी समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे, तिच्याबद्दल. कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्याला कुठेच मिळालं नाही त्याची जागा, असं आपल्याकडे धरून चालतात. कारण उघड आहे. आपण वाढलो ते कट-ऑफ लिस्ट पाहत. ज्या दाराला कट-ऑफ नाही ते दार हलकं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कॅलिफोर्नियाने मात्र हे दार विचार करून उघडं ठेवलं. १९६०च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनमध्ये राज्याने तीन पायऱ्या ठरवल्या: हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि ज्याला शिक्षणाचा उपयोग होऊ शकेल अशा कोणालाही कम्युनिटी कॉलेज. त्याच योजनेत तिसऱ्या पायरीवरून पहिल्या दोनांत तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आखलेली होती. म्हणून स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे आणि यूसीतून घेणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात. त्यांच्या पदवीवर त्या विद्यापीठाचंच नाव असतं, पहिल्या दिवसापासून तिथे असलेल्या मुलाच्या पदवीवर असतं तेच. दार सगळ्यांना उघडं आहे म्हणून आतलं कॅल्क्युलस सोपं होत नाही.

मुलाला लागणारी माहिती एवढीच. डी अँझाची फी राज्यातल्या रहिवाशांना एका क्वार्टर युनिटला (तिमाही सत्रातल्या अभ्यासाच्या एककाला) ३१ डॉलर, म्हणजे ट्रान्सफरला लागणाऱ्या ९० युनिट्सचे २,७९० डॉलर, आणि पहिल्यांदाच पूर्णवेळ कॉलेजात येणाऱ्यांना पहिल्या दोन वर्षांत ट्युशनची माफी मिळू शकते. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही सहा यूसी ठरलेले विषय आणि मार्क पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. हमीचा अर्ज सप्टेंबरात, मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत. बर्कली आणि लॉस एंजेलिस ही हमी देत नाहीत, तिथे स्पर्धाच. हमी देणाऱ्या ठिकाणीही काही मागणीचे विषय त्यातून वगळलेले असतात, हे त्याने आधीच बघून ठेवावं.

धोकाही सांगतो. ट्रान्सफर घेईन म्हणून आलेली बरीच मुलं ट्रान्सफर घेत नाहीत. अर्धवेळ नोकरी वाढत जाते, चुकीचे विषय घेतले जातात, एक वर्ष इकडेतिकडे जातं. इंजिनिअरिंगचं तर गणित आणि फिजिक्स एकामागून एक साखळीने येतं. पहिल्या क्वार्टरला गणिताचा योग्य वर्ग चुकला तर दोनाची तीन वर्षं होतात. म्हणून त्याला एकच अट घाला: पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या समुपदेशकाला भेटून दोन वर्षांचा लेखी आराखडा करायचा, तोही गणित-फिजिक्स पहिल्यापासून धरून, म्हणजे पुढे इकॉनॉमिक्सकडे वळला तरी फारसं काही वाया जाणार नाही. ही अट मान्य असेल तर त्याला जाऊ द्या. त्याला समजवायची गरज मला तरी दिसत नाही.

मुलाचं झालं. आता जे तुम्ही राहू द्या म्हणालात ते.

सतरा वर्षं घरात बसून माणूस स्वतःच्या डिग्रीबद्दल असं बोलायला लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही रक्ताचे नमुने हाताळलेत, कल्चर लावलीत, मायक्रोस्कोपखाली पाहून रिपोर्ट तयार केलेत. हे काम या देशातल्या प्रत्येक हॉस्पिटलात रात्रंदिवस चालतं. आणि तुम्हाला सुचवलं काय जातंय, तर प्रीस्कूल. लहान मुलांमध्ये तुमचा जीव रमत असेल तर जरूर करा, बारा सेमिस्टर युनिट्सचं काम आहे आणि मनापासून करणाऱ्यांची तिथे खरोखर गरज आहे. पण तुमच्या पत्रात मुलांच्या आवडीबद्दल एक ओळही नाही. तो कोर्स सुचवला जातोय कारण तो लवकर संपतो, घरच्या वेळांत बसतो आणि कोणाला काही बदलावं लागत नाही. त्या नोकरीचा पगार कमी असतो, हेही सुचवणाऱ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्यांच्या सोयीचं करिअर तुम्ही एकदा केलंत. पुन्हा करू नका.

तुमच्या डिग्रीची किंमत नेमकी किती हे मात्र मोजून घ्यावं लागेल, आणि त्यात एक अडचण आहे. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची. इथली बॅचलर्स चार वर्षांची. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या काही संस्था आपली पदवी पूर्ण धरतात, काही तीन वर्षांचं शिक्षण एवढंच धरतात. कॅलिफोर्नियात लॅबमध्ये तपासण्या करायला राज्याच्या आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं. वरचं लायसन्स क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्टचं, म्हणजे सीएलएस. त्याला बॅचलर्स, त्यात केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्सचे ठरावीक युनिट्स, आणि वर एक वर्षाचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाच्या जागा थोड्या आणि मागणारे खूप. खालचं लायसन्स मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचं. त्याला असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, चालते, काम थोडं मर्यादित असतं आणि देखरेखीखाली करायचं असतं. हा टेक्निशियनचा कोर्स डी अँझामध्येच आहे, तुमच्या घरापासून जवळ.

माझं मत विचाराल तर तुम्ही टेक्निशियनच्या वाटेने आत शिरावं. पंचवीस वर्षांपूर्वीची केमिस्ट्री कागदावर मोजली गेली तरी हाताला ती पुन्हा लागायला हवी. मधल्या काळात लॅबमधली यंत्रं बदलली, मॉलिक्युलर तपासण्या आल्या. एक-दोन विषय पुन्हा करावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ते पहिल्याने शिकणाऱ्यापेक्षा वेगाने कराल, आणि लॅबमध्ये नोकरी लागल्यावर सीएलएसकडे जायचं का हे आतून ठरवता येईल. कॉलेजात शिरायला परीक्षा नाही, अर्ज ऑनलाइन आणि मोफत. इंग्रजीची भीती असेल तर एक लेखनाचा वर्ग आधी घ्या.

वयाचं म्हणाल तर आकड्यांत बोलू. तुमच्या जन्मवर्षाला सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचं, पूर्ण निवृत्तीवय ६७ आहे. कोर्स आणि तयारी धरून तुम्ही पन्नासाव्या वर्षी नोकरीला लागलात तरी पुढे सतरा वर्षं राहतात. स्वतःच्या नावावर पेन्शन मिळायला ४० क्रेडिट्स लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम. आज तुमच्या खात्यावर शून्य आहेत. नवऱ्याच्या खात्यावर पत्नीला काही रक्कम मिळते हे खरं, पण ती जास्तीत जास्त त्यांच्या निम्मी. हा हिशोब यजमानांसमोर मांडा. इंजिनिअर माणूस आहे, आकडे त्याला कळतील.

डी अँझाच्या वर्गात तुम्हाला एकटं वाटेल अशी शंका काढून टाका. दिवसाच्या वर्गात अठरा-एकोणिसाची मुलं जास्त असतात, संध्याकाळी चित्र वेगळं. नोकरी गेलेला चाळिशीतला सॉफ्टवेअरवाला अकाउंटिंगचे विषय करत असतो, कारण सीपीएच्या (इथल्या सीएच्या) तयारीसाठी पदवी असलेलेही अनेक जण तिथे येतात. लष्करातून परतलेला कोणी ऑटोमोटिव्हच्या वर्कशॉपमध्ये असतो. तुमच्यासारख्या, मुलं मोठी झाल्यावर परत आलेल्या बाया तर कितीतरी. या सगळ्यांना शिक्षक एकाच रांगेत बसवतात आणि एकच पेपर देतात.

अवघड जाईल ते घरी. लॅबचे तास ठरलेले असतात आणि चुकवता येत नाहीत. हॉस्पिटलातलं प्रशिक्षण दिवसभराचं असतं, त्या महिन्यांत हातात पैसाही येत नाही. तेव्हा डबे कोण भरणार, रात्रीचा स्वयंपाक कोण करणार, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या तर त्यांच्याजवळ दिवसा कोण असेल, हे आधी ठरवा आणि बोलून ठरवा. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ म्हणून सुरुवात केलेल्या बाया दुसऱ्या सत्रात वर्ग सोडतात. डोकं कमी पडतं म्हणून सोडत नाहीत, घरातलं कोणी हललेलं नसतं म्हणून सोडतात. तुमच्या घरात दोन धडधाकट पुरुष आहेत. भात-आमटी दोघांनाही शिकता येते.

पहिलं काम कोल्हापूरचं आहे आणि त्याला वेळ लागतो. मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतात, तिन्ही वर्षांच्या मार्कशीटच्या प्रती लागतात, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही. साताऱ्यात भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना अधिकारपत्र देऊन या महिन्यातच अर्ज करायला लावा. त्या लॅबचे डॉक्टर अजून प्रॅक्टिस करत असतील तर तीन वर्षांच्या कामाचं पत्रही मागून घ्या, कोणत्या तपासण्या करत होता त्याच्या तपशिलासह. कागद आले की मला पुन्हा लिहा. कोणते विषय पुन्हा करावे लागतील ते आपण ओळीने पाहू.