मैदान लांब, हात बेताचा

(वाचकांचे प्रश्न : डिस्क गोल्फ)

डिस्क गोल्फ या खेळात चेंडू आणि काठीऐवजी हाताने फेकायची चकती असते, आणि भोकाऐवजी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी बास्केट असते. कमीत कमी फेकींत चकती बास्केटमध्ये घालायची, एवढाच या खेळाचा सांगाडा आहे. पहिली फेक जेथून टाकतात ती जागा म्हणजे टी, तेथून एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे होल, आणि मधली खेळायची वाट म्हणजे फेअरवे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे लांबलचक, मोकळ्या मैदानांविषयीच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली सहा वर्षे कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्क येथे नोकरीनिमित्त राहतो. कार्यालयातील तीन सहकाऱ्यांबरोबर दर शनिवारी घराजवळच्या झाडीतल्या मैदानावर डिस्क गोल्फ खेळतो, आणि तेथे मी त्यांच्या बरोबरीने असतो. मे महिन्यात मात्र आम्ही एम्पोरियाच्या कंट्री क्लबच्या मैदानावर गेलो आणि माझी पार दैना उडाली. ते लोक चारशे फूट फेकतात, माझी फेक अडीचशे फुटांपुढे जात नाही. अठरा होल संपले तेव्हा आमच्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा माझ्या २१ फेकी जास्त झाल्या होत्या. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेथेच जायचे ठरले आहे. माझ्यासारख्याने अशा मैदानावर खेळावे तरी कसे? की नादच सोडावा?

— एक वाचक, ओव्हरलँड पार्क

उत्तर : नाद सोडू नका, पण त्या २१ फेकींचा हिशेब आधी नीट मांडा, कारण त्या सगळ्या आपल्या हाताच्या कमजोरीमुळे गेल्या आहेत असे मला वाटत नाही.

आपली फेक २५० फूट आणि सहकाऱ्याची ४०० फूट धरू. होल ४८० फुटांचा असेल, तर तो ४०० फूट जाऊन उरलेले ८० फूट दुसऱ्या फेकीत संपवतो आणि तिसऱ्या फेकीत बास्केटमध्ये टाकतो. आपण २५० आणि २३० अशा दोन फेकींत तेथेच पोहोचता आणि आपलीही तिसरीच फेक बास्केटमध्ये पडते. म्हणजे दीडशे फुटांच्या फरकाची किंमत येथे शून्य आहे. होल ३८० फुटांचा असेल, तर तो एका फेकीत बास्केटजवळ जातो आणि आपल्याला दोन लागतात, म्हणजे आपण एका फेकीने मागे पडता. ६२० फुटांच्या होलवर त्याचे तीन तर आपले चार, आणि ९०० फुटांच्या होलवर त्याचे चार तर आपले पाच होतात. एवढ्या लांबीच्या होलवरही मागे पडायचे ते एकाच फेकीने, हे पाहिल्यावर माझ्याप्रमाणे आपल्यालाही थोडे आश्चर्य वाटेल. अठरापैकी बारा-तेरा होलवर असे एकेक पाऊल मागे पडणे आपल्या हाताला अपरिहार्य आहे, असे धरून चालू. उरलेल्या आठ-नऊ फेकी कुठे गेल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यांचे उत्तर बहुधा ‘जोर लावण्यात’ असे आहे.

समजा, त्या ३८० फुटांच्या होलवर आपण दात-ओठ खाऊन फेकले आणि चकती २८० फूट गेली. आता १३० ऐवजी १०० फूट उरले, पण फेकी तेवढ्याच लागणार, तीनच. जास्तीच्या तीस फुटांनी काहीही विकत घेतले नाही. उलट जोर लावताना चकती हातातून लडखडत सुटली आणि हद्दीबाहेर गेली, तर दंडाची एक फेक चढली. म्हणून टीवर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न ‘किती लांब जाईल’ हा नसून ‘जास्त लांब गेल्याने एक फेक वाचणार आहे का’ हा असला पाहिजे. आपल्या हाताला २७० किंवा ५२० फुटांच्या आसपासचे होल असे आहेत की तेथे थोडा धोका पत्करणे परवडते. बाकी ठिकाणी आपल्या नेहमीच्या, सहज सुटणाऱ्या फेकीवर समाधान मानावे. माझा एक साधा रिवाज आहे. मैदानाचा नकाशा हाती आला की, खेळायला लागण्यापूर्वी, प्रत्येक होलच्या लांबीशेजारी मी पेन्सिलीने ‘जोर’ किंवा ‘सहज’ असा शब्द लिहितो, कारण टीवर सहकाऱ्याची चकती डोळ्यांदेखत ढगात गेली की हा विवेक हमखास सुटतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. लांब होलवर सहकारी टीवरून एक आणि फेअरवेवरून एक मोठी फेक टाकतो, तर आपल्याला फेअरवेवरून दोन-दोन मोठ्या फेकी टाकाव्या लागतात. टीवर सपाट काँक्रीट असते. फेअरवेवर उंचसखल गवत, आणि चकती सुटण्याच्या क्षणी मार्करमागच्या (आधीची चकती पडली ती जागा दाखवणाऱ्या खुणेमागच्या) २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब जागेत पाय टेकलेला असला पाहिजे असा नियम. आपण घरी सराव टीवरूनच करत असाल, तर ज्या फेकी आपल्याला सर्वांत जास्त लागतात त्यांचाच सराव होत नाही. सप्टेंबरपर्यंत निम्मा सराव गवतावरून, छोट्या दोन-तीन पावलांच्या धावेने करावा.

आता वाऱ्याविषयी. एम्पोरिया फ्लिंट हिल्सच्या गवताळ टापूत आहे. तेथील डोंगरउतारांच्या वरच्या थरातच चकमकीचा दगड असल्यामुळे जमीन नांगराखाली गेली नाही आणि उंच गवताचा तो प्रदेश टिकून राहिला. वाऱ्याला अडवायला तेथे फारसे काही नसते. घराजवळच्या झाडीत खेळताना वारा आपल्या डोक्यावरून जातो; येथे तो भिडूच असतो. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत) फेकणाऱ्याची चकती वेगात असताना किंचित उजवीकडे कलते आणि वेग उतरल्यावर डावीकडे वळून खाली येते, हे आपल्याला ठाऊक असेल. समोरून वारा असेल तर चकतीवरून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो, म्हणून चकती प्रत्यक्षापेक्षा जास्त वेगात असल्यासारखी वागते आणि उजवीकडे कलंडते. अशा वेळी डावीकडे वळण्याची खोड असलेली हट्टी चकती घ्यावी, फेक कमरेच्या उंचीवर ठेवावी आणि चकतीचे नाक मुळीच वर उचलू नये. नाक वर झाले की वारा तिला पोटाखालून उचलून जवळजवळ आपल्याच पायाशी आणून टाकतो. पाठीमागून वारा असताना उलटे होते: चकतीला आधार कमी मिळतो, ती लवकर डावीकडे झुकते, म्हणून हलकी, सहज कलणारी चकती थोडी उंच फेकावी. आडव्या वाऱ्याचा सर्वांत फसवा प्रकार म्हणजे उजवीकडून येणारा वारा. फेक संपत आल्यावर चकतीची डावी कड खाली आणि उजवी कड वर असते, त्यामुळे वाऱ्याला तिचे पोट सापडते आणि तो तिला डावीकडे किती दूर नेईल याचा नेम राहत नाही. डाव्या बाजूला हद्दीची रेषा असेल तर अशा वेळी वीस फूट नव्हे, साठ फूट जागा सोडावी.

हद्दीबाहेर गेल्यास एक फेक दंड होतो आणि जेथून चकती हद्द ओलांडून गेली त्या ठिकाणापासून एक मीटरपर्यंत आत येऊन खेळता येते. ताकदवान खेळाडू दंड सोसूनही पुढच्या फेकीत भरपाई करू शकतो. आपल्याला ती सवलत नाही.

चकत्यांचे म्हणाल, तर सहकाऱ्यांच्या पिशवीतल्या चकत्या पाहून खरेदी करू नका. चकतीवर वेग, तरंग, कल (वेगात असताना उजवीकडे) आणि वळण (शेवटी डावीकडे) असे चार आकडे असतात. १२ किंवा १३ वेगाची चकती ढोबळमानाने ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटल्यावरच आकड्यांप्रमाणे उडते. अडीचशे फूट फेकणाऱ्याचा वेग त्याहून बराच कमी असतो आणि त्याच्या हातून ती चकती नुसती डावीकडे आपटते. ७ ते ९ वेगाची, कलाचा आकडा वजा २ च्या आसपास असलेली, १६० ते १६५ ग्रॅम वजनाची चकती आपल्याला जास्त दूर नेईल. रंगही विचारपूर्वक घ्यावा. मी विचिटाला राहत असताना सप्टेंबरच्या अखेरीस एक नारिंगी चकती न कापलेल्या गवतात गेली. ते ब्लूस्टेम गवत तोपर्यंत तांबूस झालेले असते. आम्ही चौघे हातांनी गवत फाकवत शोधत राहिलो आणि शेवटी ती माझ्याच बुटाखाली सापडली. तेव्हापासून शरद ऋतूत मी तेथे पांढऱ्या आणि फिकट निळ्या चकत्या नेत असे.

कापलेल्या, कडक जमिनीवर चकती कडेवर उभी पाडून चाकासारखी घरंगळत नेण्याची फेकही उपयोगी पडते. ती जमली तर आपल्या अडीचशेचे तीनशे होतात. पण ती शिकायला एक उन्हाळा जातो, म्हणून सप्टेंबरसाठी तिच्या मागे लागू नये.

आणि एक गंमत लक्षात असू द्या. फेअरवेवर बास्केटपासून सर्वांत लांब असलेला खेळाडू आधी फेकतो, म्हणजे तो मान दर वेळी आपलाच असणार. आपली चकती वाऱ्यात काय करते ते पाहून सहकारी आपली फेक सुधारतात. त्याबद्दल त्यांच्याकडून परतीच्या वाटेवर कॉफी वसूल करायला हरकत नाही. २०२२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एम्पोरियात झाली, तेव्हा पॉल मॅकबेथ आणि अॅरन गॉसेज यांची सगळ्या फेऱ्या संपूनही बरोबरी झाली होती आणि विजेता जादा होलवर ठरला. त्या दोघांत हद्दीबाहेर गेलेली एक फेक कुणाचीही कमी असती, तर जादा होलची वेळ आली नसती.

प्रश्न : मी पुण्यात महाविद्यालयाच्या संघाकडून अल्टिमेट फ्रिस्बी (डिस्क एकमेकांकडे फेकत-झेलत खेळायचा सांघिक खेळ) खेळते. आमची १७५ ग्रॅमची डिस्क मी फार तर साठ मीटर फेकते, आणि डिस्क गोल्फमधला विक्रम ३३८ मीटर असल्याचे वाचले. हे कसे शक्य आहे? लांब फेक शिकण्यासाठी मी कोणती डिस्क मागवावी?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तो विक्रम अमेरिकेच्या डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात, पाठीवर जोरदार वारा घेऊन केला. तेथे अंतर हेच उद्दिष्ट होते, बास्केट नव्हती. मैदानावरील फेकीशी त्याची तुलना करू नये.

वजन जवळपास तेच असले तरी आपल्या डिस्कचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर आणि कड गोलसर असते. गोल्फच्या लांब पल्ल्याच्या चकतीचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास असून तिची कड दोन सेंटिमीटरहून रुंद आणि धारदार असते. ती हवा कापत जाते, पण तरंगत नाही. म्हणूनच ती चकती कधीही झेलू नका आणि मैत्रिणीलाही झेलायला सांगू नका. अल्टिमेटच्या सवयीने हात पुढे होतो आणि बोटे दुखावतात.

मागवायचीच असेल तर पहिली डिस्क पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची) किंवा मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) प्रकारची असावी. तिची फेक चुकली की ती लगेच थरथरते, म्हणजे आपली चूक आपल्यालाच दाखवते. वेगवान चकती ती चूक लपवते. लांब फेकीचा जोर बाहूत नसतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जसा जमिनीत खिळतो आणि मग शरीराचा वरचा भाग त्यावरून फिरतो, तसाच येथेही आधी पुढची टाच रोवली जाते, मग कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर आणि अगदी शेवटी मनगट. शेतात गोफण फिरवणाऱ्याला पाहिले असेल तर ध्यानात येईल की दोरी सुटण्याच्या क्षणापर्यंत त्याच्या हातात घाई नसते. अल्टिमेटमध्ये बचाव करणारा अंगावर असल्यामुळे आपण जागच्या जागी, हाताने झटका देऊन फेकायला शिकता, आणि गोल्फसाठी तीच सवय मोडावी लागते. रिकाम्या मैदानावर भल्या सकाळी, वारा नसताना, निम्म्या ताकदीने दहा-दहा फेकी टाकाव्यात आणि दहापैकी किती चकत्या न डगमगता गेल्या ते मोजावे. अंतर पहिला महिनाभर मोजूच नये.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मी, माझे यजमान आणि चौदा वर्षांचा मुलगा असे तिघे खेळतो. लांब मैदानावर यजमान सर्वांनी सर्वांत मागच्या टीवरूनच फेकावे असा आग्रह धरतात. हे योग्य आहे का?

— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : मुळीच नाही. पुष्कळ मैदानांवर एकाच होलला दोन-तीन टी असतात आणि काही ठिकाणी त्या रंगांनी ओळखल्या जातात: सोनेरी टी सर्वांत ताकदवान आणि मुरलेल्या खेळाडूंसाठी, नंतर निळी, पांढरी आणि लाल. सोनेरी टी बांधताना जो खेळाडू डोळ्यांसमोर असतो तो आपल्या घरात नाही, यजमान धरूनही. प्रत्येकाने आपापल्या टीवरून फेकून आपापल्या ‘पार’शी (त्या टीवरून अपेक्षित असलेल्या फेकींच्या संख्येशी) तुलना केली तर एकाच होलवर तिघांचा सामना रंगतो. जवळची टी नसेल तर शंभर फूट पुढे फेअरवेवर एखादी जागा ठरवून तेथून आपण आणि मुलाने सुरुवात करावी. घरगुती खेळात कोणी अडवत नाही. फक्त यजमान मागून फेकत असताना आपण दोघांनी त्यांच्या पुढे उभे राहू नये. त्यांची फेक झाली की मग पुढे यावे.