पिकअप भावाच्या नावावर घेऊ की माझ्या?

मस्कतहून एका वाचकाने लिहिलं आहे. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, नोकरी ओमानमध्ये एका बांधकाम कंपनीत. घरची आंब्या-काजूची बाग धाकटा भाऊ बघतो. हंगामात पेट्या वाशीला न्यायला दर वेळी दुसऱ्याच्या गाडीमागे धावावं लागतं, म्हणून २०२५ च्या गणपतीत गावी आल्यावर त्यांनी रत्नागिरीत एका नव्या छोट्या पिकअपचं बुकिंग केलं. ५०,००० रुपये स्वतःच्या एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईचं खातं) भरले. गाडी अजून ताब्यात घेतलेली नाही. शोरूमवाला म्हणतो, परदेशात राहणाऱ्याच्या नावावर पासिंग होत नाही, भावाचं नाव टाका. वडील म्हणतात, पैसा तुझा, मग गाडी तुझ्याच नावावर हवी. भावाकडे लायसन्स आहे, पण साधं, चारचाकीचं. बाकीच्या रकमेसाठी कर्ज काढायचं आहे आणि फायनान्स कंपनीला वाचक जामीनदार हवे आहेत. शिवाय, मस्कतमधली जुनी पिकअपच इकडे आणली तर स्वस्तात पडेल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. तिकडची पिकअप इकडे आणायचा विचार सोडून द्या. ओमानमधल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि आपल्या आयात धोरणात वाहनाला उजवीकडच्या स्टिअरिंगची अट आहे. ती अट नसती तरी सीमाशुल्क भरता भरता इथली नवी गाडी आली असती.

शोरूमवाला सांगतो ते खरं नाही. मोटार वाहन कायद्यात मालक भारतात राहणारा हवा अशी अट कुठेच नाही. कलम ४० मध्ये राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता, जिथे गाडी ठेवली जाते तो, लागतो. तुमचं आधार, पॅन आणि पासपोर्ट गावच्या पत्त्यावर असतील तर एमएच ०८ चा नंबर तुमच्या नावावर पडायला कायद्याची आडकाठी नाही. खरी अडचण असते ती ओटीपीची. आधारला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, फॉर्म पुढे सरकत नाही, आणि एवढी झंझट नको म्हणून 'होतच नाही' असं सांगून मोकळं होतात. नंबर चालू करून घेतला आणि सह्यांसाठी मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र भावाच्या नावे पाठवलं, की काम होतं. ते पत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे बहुतेक जण विसरतात.

म्हणजे तुमच्या नावावर घेता येईल. पण घेऊ नका.

वडिलांचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे नाव म्हणजे हक्क. जमिनीच्या बाबतीत ते ठीक आहे. गाडीच्या बाबतीत आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव म्हणजे आधी जबाबदारी, हक्क नंतर. अपघात झाला की मोटार अपघात न्यायाधिकरणात चालकाबरोबर मालकही सामनेवाला होतो, मग तो दोन हजार किलोमीटर लांब का असेना. मालक कोण, हे आरसीवरून ठरतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका गाडीची साखळी आली होती. मूळ मालकाने विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. विमा चालू असेल तर पैसे कंपनी भरते. विम्याचं नूतनीकरण चार दिवस राहून गेलं आणि त्या चार दिवसांत कशेडीच्या वळणावर काही झालं, तर सगळी रक्कम मालकाच्या डोक्यावर. तीही मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यामार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे बागेच्या सातबाऱ्यातला तुमचा हिस्सा त्यात येऊ शकतो. आणि नोटीस जाईल आरसीवरच्या पत्त्यावर, संगमेश्वरला. घरातलं कोणीतरी सही करून ती घेईल, कपाटात ठेवील, आणि तुम्हाला कळेल तेव्हा निकाल एकतर्फी लागलेला असेल. आखातात असलेल्या पक्षकारांच्या बाबतीत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता नवल वाटत नाही.

याहून मोठं कारण मात्र तुमचा भाऊच आहे, आणि त्याचा विचार तुमच्या पत्रात नाही.

विम्याच्या पॉलिसीत प्रीमियमच्या तक्त्यात एक ओळ असते, 'पीए ओनर-ड्रायव्हर'. हा मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. नावातच अट आहे: आरसीवरचा मालक स्वतः, चालू लायसन्सनिशी गाडीत असला तर. गाडी तुमच्या नावावर असेल तर तुम्ही मस्कतला, म्हणजे तुमच्यासाठी ती ओळ बिनकामाची. भाऊ मालक नाही, म्हणजे त्यालाही ती लागू नाही. मग त्याच्या हातून गाडी उलटली आणि चूक दुसऱ्या कोणाची नसली, तर त्याच्या बायकोमुलांना थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यातून, तरी काही मिळेल का? निंगम्मा खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, तो 'तिसरा पक्ष' होत नाही. पुढे रामखिलाडी खटल्यात २०२० मध्ये हेच पुन्हा ठरलं. पगारी ड्रायव्हर असता तर कामगार भरपाईचा रस्ता होता. भावाला तुम्ही पगार देणार नाही, आणि कागदोपत्री तसा दाखवावा असंही मी सुचवणार नाही. म्हणजे तुमच्या पैशाची, तुमच्या नावाची गाडी रोज चालवणारा माणूस त्या घरातला सगळ्यात उघडा पडलेला. तीच गाडी त्याच्या नावावर असली की १५ लाखांची ती ओळ त्याला लागू होते.

तेव्हा गाडी भावाच्या नावावर. पण शोरूमवाला म्हणतो तशी नव्हे, की पैसे तुम्ही भरा आणि नाव त्याचं टाका.

पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसेवाल्याचा, याला बेनामी व्यवहार म्हणतात. लोकांना वाटतं बेनामी म्हणजे फ्लॅट आणि जमिनी. त्या कायद्यात 'मालमत्ता' या व्याख्येत जंगम वस्तूही येतात. बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलं तर सूट आहे. भावाच्या बाबतीत सूट आहे ती दस्तात दोघांची नावं सहमालक म्हणून असतील तर, आणि आरसीवर सहसा नाव एकच असतं. शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. एका पिकअपसाठी कोणी तुमच्या मागे लागेल असं मला वाटत नाही. पण उद्या भावाभावांत बिनसलं आणि तुम्ही कोर्टात गेलात की 'गाडी खरी माझी, नाव फक्त त्याचं', तर हाच कायदा तुमचा दावा उभा राहू देत नाही. बिनसण्याचं प्रमाण आयकर खात्याच्या नोटिशींपेक्षा पुष्कळ जास्त असतं.

म्हणून ठरवा, हे पैसे तुम्ही भावाला देताय की नाही. देत असाल तर खरंच द्या. तुमच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं) खात्यातून त्याच्या बचत खात्यात बक्षीस म्हणून रक्कम पाठवा, शोरूमला थेट नको. सोबत एक साधं पत्र: अमुक तारखेला अमुक रक्कम नैसर्गिक प्रेमापोटी बक्षीस दिली, परतफेडीची अपेक्षा नाही. दोघांच्या सह्या. आयकर कायद्यात भाऊ नातेवाइकांत मोडतो, त्यामुळे रक्कम कितीही असली तरी या बक्षिसावर त्याला कर नाही. त्या पैशातून तो स्वतः गाडी घेईल. या पत्राचा दुसरा उपयोग म्हणजे पुढे वाटणीच्या वेळी गाडी एकत्र कुटुंबाची होती असं कोणाला म्हणता येणार नाही. एकदा दिलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत मागता येत नाही, हेही वडिलांना आधीच सांगा.

परत हवेच असतील तर बक्षिसाचं पत्र करू नका. उसने म्हणून द्या. मात्र अनिवासी भारतीयाने इथल्या माणसाला रुपयांत उसने देण्यावर परकीय चलन कायद्याच्या अटी आहेत. तुमच्या बँकेतल्या अनिवासी खात्यांच्या अधिकाऱ्याकडून त्या आधी लेखी घ्या, मग करार करा. पत्र बक्षिसाचं आणि तोंडी ठरलेलं की दर हंगामात लाख परत, हे सगळ्यात वाईट. जाता जाता, तुमचं गावच्या शाखेतलं जुनं बचत खातं अजून तसंच चालू असेल, तर ते एनआरओ करून घ्या. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधं खातं तसं ठेवता येत नाही.

कर्ज भावाच्या नावावर, हप्ते त्याच्या खात्यातून. जामीनदार व्हायचं की नाही? करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याला विचारा, मग मला' असं कंपनीला सांगता येत नाही. सगळे हप्ते स्वतः फेडायची तयारी असेल तरच सही करा. माझा सल्ला विचाराल तर डाउनपेमेंट थोडं जास्त द्या, कर्ज लहान घ्या, जामीन टाळा. नाहीतर थोडी लहान गाडी बघा. टाटाने २०२५ च्या जूनमध्ये ७५० किलो वाहणारी एस प्रो ३.९९ लाखांपासून आणली. घाटातून वाशीपर्यंत भरून न्यायला ती पुरेल का, हे तुमचा भाऊच सांगेल.

किमतीचा विषय निघाला आहे तर जुनं कोटेशन काढून बघा. तुमचं बुकिंग ऑगस्टअखेरचं, तेव्हा मालवाहू गाड्यांवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ आहे. बुकिंगचे पैसे आधी दिले असले तरी बिल आणि गाडी दोन्ही त्या तारखेनंतर मिळत असतील तर दर १८ चाच लागतो. 'तुमचं बुकिंग जुन्या दरातलं आहे' हे ऐकून घेऊ नका.

बुकिंगच्या पावतीवर नाव तुमचं आहे. बिल फाटण्याआधी शोरूमला ईमेल करून ते भावाच्या नावे बदलून घ्या आणि तुमचे ५०,००० तुमच्याच खात्यात परत मागा, म्हणजे पैशाचा माग स्वच्छ राहतो. पासिंगनंतर बदल करायला गेलात तर मालकी बदलाचे फॉर्म २९, ३०, विम्याचं हस्तांतरण आणि आरसीवर 'दुसरा मालक' हा शिक्का. शोरूमवाल्याने परताव्यात खळखळ केली तर ग्राहक आयोग आहे. तिथेही भावाच्या नावाचा फायदा होतो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार एरवी 'ग्राहक' ठरत नाही, पण स्वतः राबून पोट भरायला घेतली असेल तर ठरतो. मस्कतला बसून भाडं घेणाऱ्या मालकाला ही सवलत पटवून देणं अवघड आहे.

लायसन्सची काळजी करू नका. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे मुकुंद देवांगन खटल्यात २०१७ ला ठरलं होतं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभा देवी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते कायम केलं. मुदत मात्र बघा. परमिटचं म्हणाल तर गाडी अधिक माल असं एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर ते लागतच नाही. शोरूममधल्या पत्रकावर पेलोड, म्हणजे नुसत्या मालाचं वजन, मोठ्या अक्षरात असतो, हे एकूण वजन खाली बारीक अक्षरात. ते वाचा. फिटनेसचा, म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचा, दाखला पहिली दोन वर्षं मिळालेलाच असतो. उत्पन्नाचा हिशेबही भावाला सोपा आहे: छोट्या मालवाहू गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरून विवरणपत्र भरायची सोय आयकर कायद्यात आहे.

आता एक गोष्ट भावाला तुम्ही स्वतः फोन करून सांगा. गाडी आली की वाडीतलं पहिलं लग्न, पहिला शिमगा, आणि हौद्यात वीस माणसं. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे आशा राणी खटल्यापासून पक्कं आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस तेवढा विम्यात येतो, तोही केबिनमध्ये. हौद्यातल्या माणसांचं काही बरंवाईट झालं तर भरपाई भावाच्या बागेतून जाईल. आणि मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा नव्या खाजगी मोटारीसारखा तीन वर्षांचा नसतो, दर वर्षी भरावा लागतो. तो शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती नाही. दोन ठिकाणचे दर मागवा, पॉलिसीत ती ओनर-ड्रायव्हरची ओळ भावाच्या नावाने आहे हे बघा, आणि संपायची तारीख तुमच्या फोनमध्येही टाकून ठेवा.