परदेशात तरुण मिशनरी म्हणून राहताना दिवस कसा जातो आणि काय शिकायला मिळते?

आपला धाकटा भाऊ धर्मसंघातर्फे पापुआ न्यू गिनीला जाणार आहे. तेथे दिवस कसा जातो, काय शिकायला मिळते आणि घरच्यांनी त्याची कोणती तयारी करून घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी वसईच्या वाडीत वाढलेला मुलगा. दीक्षेनंतर माझी पहिली नेमणूक त्याच देशातील एंगा प्रांतात झाली होती, म्हणून लिहितो आहे.

दिनक्रम सांगणे सोपे आहे. पहाटे कडाक्याची थंडी असते, मिस्सा (कॅथलिकांची उपासना) टोक पिसिन या देशभर चालणाऱ्या बोलीभाषेत होते, चुलीच्या राखेत भाजलेले रताळे खाऊन धर्मशिक्षकाबरोबर चिखलवाटेने दूरच्या वस्त्यांवर जायचे असते आणि आपले प्रवचन तो एंगा भाषेत सांगत असतो. उरलेला वेळ शाळेच्या हिशेबात, जनरेटरच्या दुरुस्तीत आणि भांडण मिटवण्याच्या बैठकीत शांतपणे बसून राहण्यात जातो. त्या बैठकीत भरपाई म्हणून द्यायच्या डुकरांची संख्या ठरेपर्यंत संध्याकाळ होते. लोकांना ख्रिस्ती करणे हे तेथील काम नव्हे. त्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवतात आणि अनेक घरांतील आजी-आजोबांचाच बाप्तिस्मा झालेला असतो.

खरे शिक्षण मला 2015 साली मिळाले. त्या वर्षी एल निन्योमुळे पाऊस ओढला आणि ऑगस्टमध्ये कांदेपसारख्या उंच भागात दहिवर (गोठलेले दव) पडून रताळ्याचे मळे एका रात्रीत काळे झाले. तेथील बायका सुमारे तीन मीटर व्यासाचे मातीचे ढीग करतात आणि त्यांच्या पोटात गवत-पाला कुजायला घालतात. त्याच्या उबेने मुळांना थंडी बाधत नाही. साधी थंडी या ढिगांनी निभावते, पण त्या वर्षीच्या दहिवरापुढे त्यांचा उपाय चालला नाही. रताळे हेच माणसांचे अन्न आणि तेच डुकरांचे, त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे डुकरे घेऊन खालच्या खोऱ्यातील नातेवाइकांकडे निघून गेली आणि शाळेचे वर्ग ओस पडले. मदतीचा तांदूळ आला, तेव्हा गावात राहिलेल्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या वयस्कर धर्मशिक्षकांनी मला बजावले की, ज्यांनी पाहुणे ठेवून घेतले आहेत त्यांच्या घरातीलही अन्न संपत आले आहे, तेव्हा तांदूळ त्यांनाही दिला पाहिजे, नाहीतर पाहुण्यांवरून सोयऱ्यांमध्ये वैर सुरू होईल. यादी त्याप्रमाणे केली आणि त्या हंगामात आमच्या धर्मग्रामात अन्नावरून भांडण झाले नाही.

मात्र पाऊस परतल्यावर खरी अडचण उभी राहिली: जमीन होती, हात होते, पण लावायला बेणे (लागवडीसाठी वेलांचे तुकडे) नव्हते, कारण वेलच जळून गेले होते. तांदूळ पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्याही कागदावर हा शब्द नव्हता. मला तो लगेच सुचला, कारण पानवेलीचे आणि केळीचे बेणे वेळेवर न मिळाल्यास वाडीचे काय होते, हे मी लहानपणापासून पाहिले होते. आम्ही मिशनचा ट्रक घेऊन खाली लाय नदीच्या खोऱ्यात गेलो आणि वेलांच्या मोळ्या आणल्या. कोणती जात वरच्या थंडीत धरेल, हे बरोबर आलेल्या बायकांनीच ठरवले; खालच्या कित्येक जाती वर नुसता पाला देतात. उंचीवर रताळे तयार व्हायला आठ-दहा महिने लागतात, त्यामुळे एकेका आठवड्याचा उशीर महाग पडला असता.

सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) आमचे एक शिक्षक मला वाडीकामाबद्दल नेहमी टोकत असत. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातात कुदळ धरणे म्हणजे वेळ आणि बुद्धी वाया घालवणे, असे त्यांचे मत होते. बेण्याची हकिकत मी त्यांना पत्राने कळवली, तेव्हा ‘हे कृषी खात्याचे काम आहे’ एवढेच उत्तर आले. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. ज्या कुटुंबाकडे बेणे नाही ते गावात परतत नाही, आणि गावात कुटुंबेच नसतील तर मिस्सा कोणासाठी अर्पण करायची? ज्याला मळ्यात वाकता येत नाही, अशा तरुणाला एंगातील लोक आदराने खुर्ची देतात, पण त्याच्याजवळ मनातले बोलत नाहीत.

हा अनुभव डोंगराळ भागातील आहे, हे लक्षात ठेवावे. किनाऱ्यावर मलेरिया हीच मोठी काळजी असते आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या सिस्टरांचा दिवस अगदी वेगळा असतो. टोळ्यांच्या लढायांत आता बंदुका आल्या आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत एंगातच एका लढाईत कित्येक माणसे मारली गेली, म्हणून भावाची नेमणूक नेमकी कोठे आहे ते घरच्यांनी स्पष्टपणे विचारावे.

तयारी म्हणून त्याला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घालू नका. टोक पिसिन तेथे गेल्यावर मुलेच शिकवतात. एक पूर्ण पावसाळा त्याला शेतात राबू द्या, वेल्डिंग आणि सोलरची वायरिंग शिकू द्या, आणि अभ्यास बुडतो अशी तक्रार त्याच्या शिक्षकांनी केली, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.