फ्रान्समधील शेनोन्सो हा नदीवरचा महाल इतका नावाजलेला का आहे?

मुख्य कारण असे की, हा महाल शेर नदीच्या काठावर नसून थेट पात्रात उभा आहे. तोमा बोइए या राजदरबारी अधिकाऱ्याने 1513 साली एका जुन्या पाणचक्कीच्या पायावर त्याचे बांधकाम सुरू केले. मात्र तो बहुतेक काळ मोहिमांवर असल्याने प्रत्यक्ष देखरेख त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिनेच केली. पुढेही या वास्तूला घडवले ते प्रामुख्याने स्त्रियांनी, आणि माझ्या मते तिचे खरे वेगळेपण त्यातच आहे. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने 1547 मध्ये हा महाल आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला. तिने वास्तुविशारद फिलिबेर द लॉर्मकडून पलीकडच्या तीरापर्यंत कमानींचा पूल बांधून घेतला. 1559 मध्ये राजाचा मृत्यू होताच राणी कॅथरीन दे मेदिचीने शोमोंचा महाल देऊन दियानकडून शेनोन्सो घेतला आणि त्याच पुलावर सुमारे 60 मीटर लांबीचे दालन उभारले. या दालनाची फरशी पांढरा चुनखडक आणि काळा पाटीचा दगड (स्लेट) यांच्या चौकटींची असून, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशात तिचा उतरत गेलेला रंग आणि झीज स्पष्ट दिसते.

पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधील सीमारेषा ठरली. महालाचे प्रवेशद्वार व्याप्त भागात, तर दालनाचे दक्षिणेकडील दार मुक्त तीरावर उघडत असल्याने अनेकांना त्या वाटेने निसटता आले.